मोटरची जागा ठरते तेव्हाच मनगटाचंही ठरतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार इंजिनिअरांची टीम शस्त्रक्रियेत हातात धरून वापरायचं, बॅटरीवर चालणारं एक उपकरण तयार करते आहे. मोटर, गिअर आणि सर्किट टेबलावर चालू झालं आहे. एर्गोनॉमिक्सचं, म्हणजे उपकरण वापरणाऱ्याच्या हाताला आणि शरीराला सोयीचं करण्याचं, काम आत्ताच हाती घ्यावं की पहिला पक्का प्रोटोटाइप झाल्यावर? घ्यायचंच तर नेमकं काय करायचं, किती जणांकडून तपासून घ्यायचं, आणि पैसे कमी असतील तर काय सोडलं तरी चालेल?

पहिल्या भागाचं उत्तर: आत्ताच, आणि पक्का प्रोटोटाइप करायला घेण्याआधी. कारण तुम्ही ज्याला "मेकॅनिकल जुळणी" म्हणता आहात, तिच्यात एर्गोनॉमिक्सचे सगळ्यात मोठे निर्णय आधीच होऊन बसलेले असतात. ते कुणी घेतले, कधी घेतले, हे टीमला कळतही नाही. पुढे मुठीचा आकार कितीही गोंजारला, वर मऊ रबर चढवलं, तरी ते निर्णय बदलत नाहीत.

उदाहरण तुमच्याच उपकरणाचं घेऊ. समजा त्याचं वजन ८०० ग्रॅम आहे आणि मोटर-गिअर पुढे असल्यामुळे गुरुत्वमध्य मुठीच्या मध्यापासून ६ सेंटीमीटर पुढे पडतो. उपकरण आडवं धरलं की मनगटाला जवळजवळ ०.४७ न्यूटन-मीटरचा पीळ सतत पेलावा लागतो. बॅटरी मागे सरकवून तोच मध्य १.५ सेंटीमीटरवर आणला, तर हा पीळ ०.१२ वर येतो. वजन एक ग्रॅमही कमी झालं नाही, पण मनगटावरचा भार चौपटीने उतरला. हा बदल आज तुमच्या ड्रॉइंगमध्ये दोन दिवसांचा आहे. सहा महिन्यांनी त्यासाठी सर्किट बोर्डाचा आकार, बॅटरीचं दार, बाहेरचं कवच आणि सीलिंग असं सगळंच मोडावं लागेल, आणि तेव्हा कुणीतरी म्हणेल की सर्जनना सवय होईल. हे वाक्य मी बैठकांमध्ये खूपदा ऐकलं आहे. ते ऐकू आलं की समजावं, काम उशिरा सुरू झालं होतं.

असे दडलेले निर्णय आणखी बरेच आहेत. मूठ पिस्तुलासारखी असावी की पेनासारखी सरळ, हे आवडीवर ठरत नाही. उपकरणाचं टोक शरीरात कोणत्या दिशेने जातं आणि त्या वेळी कोपर कुठे असतं यावर ते ठरतं. अवजारांच्या क्षेत्रातला जुना नियम इथेही लागू आहे: वाकवायचंच असेल तर अवजार वाकवा, मनगट सरळ राहू द्या. ट्रिगर एका बोटाचा की दोन बोटांचा, तो दाबून ठेवायचा की एकदा दाबून सोडायचा, केबल असेल तर ती मुठीच्या तळातून निघते की मागून, टोक बदलताना दुसरा हात लागतो का, हे सगळं पहिल्या दोन-तीन महिन्यांत गोठतं. साच्याचीही एक गोष्ट लक्षात ठेवा. साच्यातलं पोलाद कोरून काढणं सोपं असतं, परत भरणं अवघड. म्हणजे प्लास्टिकची मूठ नंतर जाड करता येते, बारीक करणं महाग पडतं. शंका असेल तिथे बारीक मुठीने सुरुवात करा.

आता हे उपकरण वापरणार कोण, याकडे येऊ. बहुतेक टीम इथे एकच शब्द लिहितात: सर्जन. बॅटरीवरच्या शस्त्रक्रिया-उपकरणांमध्ये तेवढ्यावर भागत नाही. बऱ्याच बॅटऱ्यांना ऑटोक्लेव्हची (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची) १३४ अंश सेल्सिअसची वाफ सोसत नाही, म्हणून हँडपीस, म्हणजे हातात धरायचा भाग, निर्जंतुक असतो आणि बॅटरी नसते. मग निर्जंतुक गाऊन घातलेली नर्स हँडपीस उलटा धरते, त्यावर निर्जंतुक नरसाळं बसवते, दुसरी नर्स बाहेरून हात न लावता बॅटरी आत सोडते, नरसाळं काढलं जातं आणि पहिली नर्स झाकण लावते. ही दोन माणसांची, चार हातांची कसरत आहे. झाकण कोणत्या बाजूला उघडतं, बॅटरी उलटी गेली तर अडते की जाते, झाकण नीट बसलं हे हातमोज्यातल्या बोटांना कळतं का, हे प्रश्न सर्जनला विचारून कधीच सापडणार नाहीत, कारण त्यांच्या हातात उपकरण येतं तेव्हा हे सगळं उरकलेलं असतं.

शस्त्रक्रिया संपल्यावर तेच उपकरण निर्जंतुकीकरण विभागात जातं. तिथे जाड मोजे घातलेला कर्मचारी ते सुटं करतो, ब्रशने घासतो, पुन्हा जोडतो. तोही वापरणाराच आहे, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. ड्युओडेनोस्कोपचं, म्हणजे तोंडावाटे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत घालायच्या दुर्बिणीचं, उदाहरण सगळ्यांनी डोळ्यांसमोर ठेवावं. त्याच्या टोकाशी असलेल्या एलिव्हेटर यंत्रणेच्या (आतून जाणारी हत्यारं वळवणाऱ्या छोट्या तरफेच्या) फटी इतक्या बारीक होत्या की सूचनांप्रमाणे साफ करूनही जंतू राहू शकत. एकाच्या शरीरातले औषधांना दाद न देणारे जंतू दुसऱ्यापर्यंत पोहोचले, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) इशारा दिला की या रचनेच्या गुंतागुंतीमुळेच नीट निर्जंतुकीकरणात अडथळा येऊ शकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच संस्थेने टाकून देता येणारे भाग असलेल्या रचनांकडे वळायला सांगितलं. यंत्रणा म्हणून एलिव्हेटर उत्तम काम करत होता. ती साफ करणाऱ्या हातांचा विचार मात्र रचनेत पुरेसा झालेला नव्हता. म्हणून तुमच्या यादीत पहिल्या दिवसापासून हे लोक लिहा: बाहेर काढणारा, जुळवणारा, वापरणारा, हातात देणारा, धुणारा, दुरुस्त करणारा.

मुठीवर खोल खाचा आणि मऊ आवरण हवं, असं सर्जन म्हणतील. खाचेत रक्त अडकतं आणि बरीच मऊ आवरणं वारंवारच्या वाफेने सुटतात किंवा चिकट होतात. दोन वापरणाऱ्यांच्या गरजा इथे एकमेकींवर आदळतात. हा झगडा कागदावर लवकर दिसला तर उथळ, रुंद, ब्रश पोहोचेल अशा कडांनी तोडगा निघतो.

हातांच्या मापांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण "सरासरी हात" ही कल्पना फार नुकसान करते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी हवाई दलासाठी गिल्बर्ट डॅनियल्स यांनी ४,०६३ वैमानिकांची मापं तपासली. कॉकपिटसाठी महत्त्वाची दहा मापं घेतली आणि प्रत्येकात मधल्या ३० टक्क्यांत बसणारा तो "सरासरी", अशी बरीच सैल व्याख्या ठेवली. दहाही मापांत सरासरी ठरणारा एकही वैमानिक निघाला नाही. हातांचंही असंच आहे. बोटं लांब पण तळवा अरुंद, तळवा रुंद पण अंगठा आखूड, असे हात सर्रास असतात. शस्त्रक्रियेचे हातमोजे साधारण साडेपाच ते नऊ अशा मापांत येतात. हाताची लांबी लहानखुऱ्या स्त्रीची सुमारे १६ सेंटीमीटर, तर मोठ्या पुरुषाची सुमारे २१ सेंटीमीटर असते. तुमचा ट्रिगर यांतल्या सगळ्यात लहान हाताला गाठता आला पाहिजे आणि ट्रिगरभोवतीची जागा सगळ्यात मोठ्या बोटाला, तीही दोन मोज्यांसकट, पुरली पाहिजे. पोहोच लहान हातावरून ठरवायची आणि मोकळी जागा मोठ्या हातावरून. एवढं एक सूत्र टीममधल्या प्रत्येकाला पाठ असलं तरी पुष्कळ चुका टळतात.

लॅपरोस्कोपीच्या, म्हणजे छोट्या छिद्रांतून कॅमेऱ्याच्या मदतीने करायच्या शस्त्रक्रियेच्या, स्टेपलरांच्या (पेशींना टाचण्या मारून जोडणाऱ्या हत्यारांच्या) बाबतीत हे स्पष्टपणे पुढे आलेलं आहे. साडेसहा किंवा त्याहून लहान मोजा लागणाऱ्या सर्जनना ती हँडल दाबायला जास्त त्रास होतो, कित्येकांना दोन हात लावावे लागतात. जोर लावायच्या दोन दांड्यांच्या हत्यारांसाठी एक प्रचलित मार्गदर्शक आकडा आहे: उघड्या दांड्यांमधलं अंतर ८९ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावं आणि मिटल्यावर ५१ पेक्षा कमी नसावं. जोर लावायच्या एकेरी मुठीचा व्यास ३२ ते ५१ मिलिमीटर, नाजूक कामाच्या मुठीचा ६ ते १३. हे आकडे कारखान्यातल्या हातअवजारांसाठीच्या मार्गदर्शिकेतले आहेत. सुरुवात त्यांच्यापासून करा, पण उत्तर म्हणून ते कागदावर चिकटवू नका. ओल्या, मोजे घातलेल्या हातांनी तुमच्या फोमच्या नमुन्यावर ते तपासून घ्या.

जोराबद्दलही तेच. ट्रिगर दाबायला किती बळ लागतं हे साध्या फोर्स गेजने मोजता येतं, तरी अनेक टीम ते मोजतच नाहीत. आपल्या बोटाला सोपं वाटलं की झालं, असा हिशेब असतो. तुम्ही तो ट्रिगर दिवसातून दहा वेळा दाबता. सर्जन तो एका शस्त्रक्रियेत शेकडो वेळा दाबेल किंवा मिनिटभर दाबून धरेल. सतत धरून ठेवायच्या जोरासाठी पूर्ण ताकदीच्या १५ टक्के ही मर्यादा पूर्वी सुरक्षित मानत, आता तीही जास्तच समजली जाते. आणि ही टक्केवारी तुमच्या सगळ्यात कमी ताकदीच्या वापरकर्त्याच्या ताकदीची धरायची.

आता प्रत्यक्ष काम. पहिल्या दोन आठवड्यांत ऑपरेशन थिएटरमध्ये जा. रीतसर परवानगी घेऊन, कोपऱ्यात उभे राहून, आज याच कामासाठी जे उपकरण वापरलं जातं त्याच्या निदान चार-पाच शस्त्रक्रिया अथपासून इतिपर्यंत बघा. सुरुवात नर्सनी ट्रे उघडण्यापासून धरायची आणि शेवट ट्रे धुवायला जाण्यापर्यंत. सर्जनच्या डाव्या हातात काय आहे? उपकरण मध्येच खाली ठेवतात तेव्हा ते कुठे ठेवतात, घरंगळतं का, चुकून चालू होऊ शकतं का? नजर कुठे आहे? लॅपरोस्कोपीत नजर मॉनिटरवर असते आणि खोलीतले दिवे बरेचदा मंद केलेले असतात. मग तुमच्या हँडपीसवरची छोटी हिरवी-लाल खूण कोण बघणार? पायाशी पेडल असेल तर सर्जन एका पायावर भार देऊन उभा राहतो आणि दोन पेडलांतलं कोणतं आपल्या पायाखाली आहे हे न बघता ओळखावं लागतं. रंगाने ते कळणार नाही, आकाराने कळू शकतं.

या आकाराच्या मुद्द्याला जुना इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांचे वैमानिक विमान उतरवल्यानंतर फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) मिटायला जात आणि चाकंच आत घेत. दोन्ही नियंत्रणं शेजारी-शेजारी आणि एकसारखी होती. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चॅपॅनिस यांनी चाकांच्या नियंत्रणावर छोटं चाक आणि फ्लॅपच्या नियंत्रणावर पाचरीसारखा आकार बसवण्याचा उपाय सुचवला, म्हणजे हाताला न बघता फरक कळावा. भूल देण्याच्या यंत्रावर ऑक्सिजनची कळ इतर वायूंच्या कळींपेक्षा वेगळ्या, खाचदार आकाराची असते ती याच विचाराने. भूलशास्त्रात या विषयाला चालना देणारं काम जेफ्री कूपर आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलं. टाळता येण्याजोग्या ३५९ घटनांपैकी ८२ टक्क्यांत मानवी चुकीचा भाग होता: श्वास देणाऱ्या नळीची जोडणी सुटणं, वायूचा प्रवाह नकळत बदलणं, सिरिंजांची अदलाबदल. हा आकडा काहीजण माणसं बेफिकीर असतात याचा पुरावा म्हणून सांगतात. माझं वाचन उलटं आहे. तज्ज्ञ, दक्ष माणसं त्याच त्याच ठिकाणी चुकत असतील तर त्या ठिकाणाची रचना बदलायला हवी. वैद्यकीय उपकरणांच्या वापरसुलभतेबद्दलच्या आयईसी ६२३६६-१ या आंतरराष्ट्रीय मानकातही "वापरातली चूक" असा शब्दप्रयोग आहे, वापरणाऱ्यावर खापर फोडणारा नाही. हा फरक टीमच्या बोलण्यात उतरला पाहिजे. तुमच्या नोंदवहीत "युजरने चुकीचं बटण दाबलं" असं वाक्य दिसलं तर ते खोडून लिहा: दोन बटणं नऊ मिलिमीटर अंतरावर आणि एकसारखी आहेत, मोज्यातून ओळखू येत नाहीत. पहिल्या वाक्यातून काही सुचत नाही, दुसऱ्यातून ड्रॉइंग बदलतं.

निरीक्षणानंतर कामाची फोड करा. प्रत्येक पायरीला तीन प्रश्न: माणसाला काय दिसलं, ऐकू आलं किंवा जाणवलं पाहिजे, त्यावरून त्याने काय समजून घेतलं पाहिजे, आणि मग हाताने काय केलं पाहिजे. एकच पायरी घेऊ: टोकाला ब्लेड बसवणं. टीम म्हणते, "खट्ट आवाज आला की बसलं." थिएटरमध्ये सक्शन चालू आहे, मॉनिटरचा बीप आहे, चार जण बोलताहेत, खट्ट ऐकू येणार नाही. बोटाला धक्का जाणवेल का? दोन मोज्यांतून कदाचित नाही. ब्लेड अर्धवट बसलं तरी उपकरण चालू होतं का? होत असेल तर ते फिरताना सुटू शकतं. आता हा प्रश्न आवाजाचा राहिला नाही. अर्धवट बसलेलं ब्लेड लगेच ओघळून पडावं किंवा मोटर सुरूच होऊ नये, अशी यंत्रणा हवी. म्हणजे पुन्हा मेकॅनिकल जुळणीचा निर्णय, आणि तो आत्ता घ्यायचा.

धोका कमी करण्याचा क्रम आयएसओ १४९७१ या वैद्यकीय उपकरणांच्या धोका-व्यवस्थापनाच्या मानकात ठरवून दिलेला आहे: आधी रचनाच सुरक्षित करा, ते जमलं नाही तर संरक्षक उपाय करा, आणि शेवटी माहिती, इशारे, प्रशिक्षण. उशिरा सुरू केलेल्या प्रकल्पांमध्ये पहिली दोन दारं बंद झालेली असतात, म्हणून सगळं ओझं स्टिकरवर आणि पुस्तिकेवर येतं. नळ्यांच्या जोडण्यांचं उदाहरण बघा. नळीने पोटात द्यायचं द्रव्य शिरेत गेल्याने माणसं दगावली आहेत, कारण वेगवेगळ्या कामांच्या नळ्यांना एकच लुअर जोडणी (सिरिंज-सुईला असते ती) होती. वर्षानुवर्षं लेबलं लावली, रंग दिले, सूचना काढल्या. शेवटी आयएसओ ८०३६९ ही मानकांची मालिका आली आणि वेगळ्या कामाच्या जोडण्या एकमेकींत बसणारच नाहीत असे आकार ठरले. आकार बदलायला अख्ख्या जगाला किती वर्षं लागली हे पाहिलं की सुरुवातीच्या जोडणीचा निर्णय किती जड असतो हे कळतं.

आता नमुने. हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे, आणि इथे पैसे जवळजवळ लागतच नाहीत. दाट फोम, कटर, सँडपेपर, थोडे शिशाचे किंवा पोलादाचे तुकडे घ्या. एका दुपारी पाच मुठी तयार होतात. पाचही एकमेकींपासून स्पष्टपणे वेगळ्या असाव्यात. एकाच कल्पनेची पाच रूपं करून काही शिकायला मिळत नाही. वजन खरं ठेवा आणि गुरुत्वमध्यही खऱ्या जागी ठेवा. पोकळ थ्रीडी प्रिंट हातात दिला तर प्रत्येक जण "छान आहे" म्हणतो, कारण हलकी वस्तू सगळ्यांनाच छान वाटते. मी स्वतः एकदा ही चूक केली आहे. १८० ग्रॅमच्या प्रिंटवर सगळ्यांच्या माना डोलल्या, आणि खरा नमुना त्याच्या चौपट भरल्यावर त्याच लोकांनी तो तीन मिनिटांत खाली ठेवला. दोन महिन्यांचं काम गेलं, आणि त्याची जबाबदारी माझी होती. नमुन्याला रंग देऊ नका, चकाकी आणू नका. वस्तू तयार झालेली दिसली की माणसं शिष्टाचार म्हणून दोष सांगत नाहीत. खडबडीत फोमवर ते स्वतः पेनाने खुणा करतात: इथे टोचतंय, हे बटण इकडे घ्या.

नमुना हातात देऊन "कसं वाटलं?" असं विचारू नका. काम द्या. टेबलाची उंची खरी ठेवा, सर्जनला उभं करा, मोजे घालायला लावा, मोज्यांवर साबणाचं पाणी घाला. वीस मिनिटं चालू ठेवा, कारण मनगट, अंगठ्याचं मूळ आणि खांदा पहिल्या मिनिटाला बोलत नाहीत. सोनोग्राफी करणाऱ्यांच्या अनेक सर्वेक्षणांमध्ये दहापैकी आठांहून अधिक जणांनी कामामुळे होणारं दुखणं सांगितलं आहे. प्रोब काही जड नसतो. पण तो चिमटीत दाबून धरावा लागतो, केबल मनगटाला ओढते, आणि खांदा तासन्‌तास बाहेरच्या बाजूला उचललेला राहतो. असं दुखणं प्रात्यक्षिकात दिसत नाही, वर्षांनी दिसतं. म्हणून तुम्ही व्हिडिओत सांध्यांचे कोन बघा: मनगट किती वाकलं, कोपर धडापासून किती दूर गेलं, पकड किती वेळा बदलली. पकड बदलणं ही हाताने दिलेली तक्रार असते. तोंडाने "ठीक आहे" म्हणणारा माणूसही पकड बदलत असतो. डावखुऱ्यांना वगळू नका, दहातला जवळपास एक जण तसा असतो.

किती जणांवर तपासायचं? "पाच पुरे" हे तुम्ही ऐकलं असेल. त्यामागचं गणित नीट समजून घ्या. एखादी अडचण प्रत्येकाला येण्याची शक्यता ३१ टक्के धरली तर पाच जणांत ती निदान एकदा दिसण्याची शक्यता सुमारे ८४ टक्के येते. पण तीच अडचण दहातल्या एकालाच येणारी असेल, तर पाच जणांत ती दिसण्याची शक्यता ४१ टक्केच उरते. पंधरा जणांत ७९. आणि वीसातल्या एकाला येणारी अडचण पंधरा जणांतही ५४ टक्केच. वैद्यकीय उपकरणांत जिवावर बेतणाऱ्या चुका बहुधा या क्वचित येणाऱ्यांमध्येच असतात. म्हणून सुरुवातीच्या फेऱ्यांत पाच-सहा जण घ्या, पण फेऱ्या अनेक करा आणि प्रत्येक फेरीनंतर नमुना बदला. शेवटच्या प्रमाणीकरण चाचणीसाठी एफडीएची २०१६ ची मार्गदर्शिका प्रत्येक वापरकर्ता-गटात निदान पंधरा जण घ्यायला सांगते. तो गट म्हणजे सर्जन वेगळे, नर्स वेगळ्या, धुणारे वेगळे. क्वचित घडणारी चूक माणसं वाढवून पकडण्यापेक्षा कामाची फोड करताना विचार करून पकडणं कधीही स्वस्त पडतं, आणि जास्त खात्रीचंही.

पैसे कमी असतील तर काय सोडायचं? स्नायूंचे विद्युत-संकेत मोजणं, डोळ्यांचा माग घेणारा चष्मा, लांबलचक प्रश्नावल्या, सुंदर रेंडर, ब्रँडचे रंग हे सगळं आता बाजूला ठेवा. थिएटरमधलं निरीक्षण, खऱ्या वजनाचे नमुने, धुण्याची चाचणी आणि कामाची फोड या चारांना हात लावू नका. ऑफिसातल्या सहकाऱ्यांवर चाचणी करून वेळ वाचवावा असा मोह होईल. त्यांना उपकरण आतून माहीत असतं, ते चुकणार नाहीत, आणि तुम्हाला खोटा दिलासा मिळेल.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. आयईसी ६२३६६-१ हे २०१५ चं मानक आहे, त्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. युरोपच्या २०१७/७४५ या नियमावलीच्या पहिल्या परिशिष्टात एर्गोनॉमिक रचना आणि वापराचं वातावरण यांतून येणारे धोके शक्य तितके कमी करण्याची अट स्पष्ट लिहिलेली आहे. पुढे तुम्हाला हे सगळं दाखवावं लागेल. त्यासाठी आजपासून एक साधी वही पुरते: तारीख, नमुन्याचा क्रमांक, कोणत्या कामासाठी कुणी वापरला, काय दिसलं, त्यामुळे काय बदललं, आणि बदललं नसेल तर का नाही. शेवटचा रकाना कुणी भरत नाही, आणि दोन वर्षांनी तपासणीत नेमका तोच विचारला जातो. वर्षाच्या शेवटी बसून आठवून लिहिलेली फाइल अनुभवी तपासनीसाला लगेच ओळखू येते.

एका गोष्टीबद्दल मला मनापासून सावध करावंसं वाटतं. तुमच्यासारख्या टीमबरोबर बहुधा एक ज्येष्ठ सर्जन असतात. कल्पना त्यांची असते, ओळखी त्यांच्या असतात, कदाचित पैसेही. त्यांचा अनुभव अमोल आहे, पण त्यांचे हात एकाच मापाचे आहेत, त्यांची एक पद्धत आहे, आणि हे उपकरण ते पहिल्या स्केचपासून ओळखतात. मी पाहिलेल्या एका प्रकल्पात मूठ अशाच एका सल्लागारांच्या हातावरून घडवली होती. आठ नंबरचा मोजा, भक्कम पंजा. पहिल्या बाहेरच्या चाचणीत सहापैकी चार सर्जनना सेफ्टी लॉक अंगठ्याने गाठता आलं नाही, म्हणून त्यांनी ते सुरुवातीलाच उघडून ठेवलं आणि शेवटपर्यंत उघडंच राहू दिलं. लॉक असूनही नसल्यासारखं झालं. सल्लागारांना हे सांगणं अवघड गेलं. व्हिडिओ दाखवल्यावर मात्र त्यांनी स्वतःच पेन घेऊन लॉकची नवी जागा आखली. तेव्हा तुमच्या सरांना पुढच्या आठवड्याच्या फोम-चाचणीला जरूर बोलवा, पण नमुना त्यांच्या हातात देऊ नका. त्यांना कॅमेऱ्याच्या बाजूला, बघणाऱ्यांमध्ये बसवा, आणि मूठ त्यांनी न निवडलेल्या, लहानात लहान मोजा घालणाऱ्या सर्जनच्या हातात पहिल्यांदा द्या.